बया रस्त्यावर उतरते

सकाळी चहा ओतता ओतता माईनं जाहीर केलं की आज ती कुणाच्याच बाजूनं नाही, आणि घरात खरी घबराट पसरली.

तोवर सगळं सरळ होतं. बयेला रस्त्यावर आणायचं म्हणणारे दोघं, अण्णा आणि पूर्वीचा जावई, माजी. बयेला कायमचं एका जागी बसवायचं म्हणणारे दोघं, ताई आणि धाकटा, म्हणजे घरची दोन्ही पोरं. माई ज्या पारड्यात बसेल ते खाली जाणार, आणि माई बसली की पारडं नुसतं खाली जात नसे, दोऱ्या तुटायच्या.

बया म्हणजे चिलखती गाडी. चार चाकं, डोक्यावर फिरता बुरूज, बुरुजातून बाहेर डोकावणारी तोफेची आखूड नळी आणि सगळ्या अंगावर रिव्हेटांच्या रांगा. एका जुन्या युद्धात ती सगळ्यांच्या पुढे जाऊन शत्रू कुठे दडलाय ते बघून यायची. युद्ध संपल्यावर एका कोंबडीवाल्यानं तिचं खुराडं केलं. अण्णांनी ती त्याच्याकडून आणली तेव्हा गिअरबॉक्समधून आधी पिसं निघाली आणि मग एक अंडं. अण्णांचा जन्म चष्म्याच्या दुकानात गेला होता. निवृत्त झाल्यावर माणसं फिरायला जातात, तसे ते रोज बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात जायला लागले आणि बयेच्या पोटात शिरून बसायला लागले.

नाव माईनंच ठेवलेलं. "घरात एक बाई पुरेना म्हणून दुसरी आणलीय," ती आल्यागेल्याला सांगायची. "तिला आंघोळ घालतात, तेल चोळतात, रंग लावतात. माझी पाठ दुखली तर मला डॉक्टरचा नंबर देतात."

आज त्या बयेची तपासणी होती. वाहन खात्याचा माणूस येणार, सगळं बघणार आणि पसंत पडलं तर तिला नंबर मिळणार. नाही पडलं, तर धाकट्याच्या हॉटेलसमोर चौथऱ्यावर. धाकटा मोठ्या हॉटेलचा मॅनेजर होता आणि उत्साही होता. चौथरा बांधून झाला होता. भोवती फुलझाडं लावून झाली होती.

"मी तटस्थ आहे," माई म्हणाली.

"तटस्थ म्हणजे कुणाच्या बाजूनं?" धाकट्यानं विचारलं.

"चहा घे."

अण्णांनी बशीवरून कप उचलला. उचलताना त्यांनी आधी बशीची कड चाचपली. माईनं ते पाहिलं आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

*

ताई कारखान्यावर पोचली ती तिची दातांची व्हॅन घेऊनच. शाळाशाळांतून ही फिरती व्हॅन न्यायची, पोरांना खुर्चीत बसवायचं, किडके दात भरायचे, हे तिचं काम. पोरं तिला घाबरायची, मास्तर त्याहून जास्त.

आवारात माजी बयेच्या पुढच्या चाकापाशी आडवा पडला होता. माजी म्हणजे ताईचा घटस्फोटित नवरा. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, हातात जादू, तोंडाला कुलूप. घटस्फोटाच्या दुसऱ्याच रविवारी तो नेहमीसारखा डबा घेऊन अण्णांकडे कारखान्यात हजर झाला होता. मी तुझ्याशी फारकत घेतली आहे, गिअरबॉक्सशी नाही, एवढंच त्यानं ताईला कळवलं. तेव्हापासून घरात त्याला सगळे माजी म्हणायचे, जसं माजी महापौर, माजी मंत्री.

"अण्णा आत आहेत?" ताईनं त्याच्या बुटांना विचारलं.

"कपडे बदलतायत."

"कसले?"

कारखान्याच्या दारातून अण्णा बाहेर आले. डोक्यावर चामडी टोपी, गळ्यात वाऱ्यापासून वाचवणारा गॉगल.

"अरे देवा," ताई म्हणाली.

"त्या काळातला आहे," अण्णा अभिमानानं म्हणाले.

"गॉगल की तुम्ही?"

निरीक्षक म्हणून एक बाई आल्या. नाक लाल, हातात रुमाल, काखेत फाईल. पडसं इतकं झालं होतं की त्यांना डिझेलचा वास येत नव्हता, आणि अण्णांना त्याचं फार वाईट वाटलं. बाईंनी बयेभोवती एक चक्कर मारली, नळीत बोट घातलं, आतून ती वितळवून बंद केल्याची खात्री केली. मग दिवे, भोंगा, आरसे. आरसे माजीनं एका कचऱ्याच्या गाडीचे बसवले होते. बया त्यात जरा नटल्यासारखी दिसत होती.

"वाहनाचा प्रकार," बाई फाईलवर पेन टेकवून म्हणाल्या. "प्रवासी, माल, शेती, शववाहिका, इतर."

"शववाहिका नको," धाकटा म्हणाला. तो सुटाबुटात आला होता.

"इतर लिहा," माई म्हणाली. "आमच्याकडे सगळे इतरच आहेत."

बाई शिंकल्या आणि 'इतर'पुढे खूण केली. "आता चालवून दाखवा. आवाराला एक फेरी, त्या चढावर थांबून पुन्हा सुरू करायची, आणि या पिंपांच्या मधून मागे आणायची. ते जमलं तर बाहेर चौकापर्यंत. चालवणार कोण?"

"मी," अण्णा म्हणाले.

ताईनं धाकट्याकडे पाहिलं. धाकट्यानं ताईकडे. ठरलं होतं ते असं की अण्णांनाच चालवू द्यायचं. या वयात त्या क्लचवर त्यांचा पाय टिकणार नाही, गाडी चढावर बंद पडेल, बाई मान हलवतील, आणि कुणालाही वाईटपणा न येता बया चौथऱ्यावर जाईल. योजना धाकट्याची होती. ताईला ती आवडली नव्हती, पण दुसरी तिच्याकडे नव्हती.

अण्णा समोरच्या झाकणातून आत उतरले. निरीक्षक बाई बाजूच्या दारानं शिरून मागच्या बैठकीवर बसल्या. आणि मग सगळ्यांच्या देखत माईनं चपला काढल्या, चाकावर पाय दिला, आणि जलतरण तलावाच्या शिडीवर चढावं तशी वर चढून बुरुजात उभी राहिली.

"तू तिथं काय करतेस?" अण्णांचा आवाज आतून आला.

"वारा छान लागतो."

"तटस्थ होतीस ना?" धाकटा ओरडला.

"आहेच. मधोमध उभी आहे, दिसत नाही का?"

*

खालून अण्णांना समोरची फट दिसत होती. फटीच्या कडा दिसत होत्या, डावीकडच्या भिंतीचा तुकडा, उजवीकडं आभाळाची पट्टी. मधे काही नव्हतं. मधे गेली दोन वर्षं धुक्याचा एक गोळा बसला होता आणि ते जिकडे बघतील तिकडे तो त्यांच्या आधी जाऊन बसायचा.

या आजाराचं नाव त्यांना माहीत होतं. कितीतरी गिऱ्हाइकांना त्यांनीच हळू आवाजात सांगितलं होतं, काच बदलून उपयोग नाही, तज्ज्ञाला दाखवा. स्वतः मात्र गेले नव्हते. लायसनसाठी डोळे तपासायची वेळ आली तेव्हा भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता त्यांनी मुखोद्गत म्हणून दाखवला. तो तक्ता आयुष्यभर त्यांच्याच भिंतीवर लटकला होता. तपासणारा पोरगा खूश झाला होता.

त्यांनी किल्ली फिरवली. बया खोकली, थरथरली, आणि तिच्या पोटातून तो जाडजूड आवाज निघाला. अण्णांच्या छातीत आपोआप हवा भरली.

"सरळ," वरून माईचा आवाज आला. इतकी वर्षं पोहायला शिकवताना चाळीस पोरांच्या किंचाळ्यांवर चढून तलावाच्या दुसऱ्या टोकाला पोचणारा आवाज. "सरळ, सरळ. आता जरा डावीकडे. जरा म्हटलं! हां. आता धरून ठेवा."

अण्णांनी धरून ठेवलं.

"चढ सुरू होतोय. अजून दोन हात. आला."

बयेनं नाक वर केलं. अण्णांनी चढावर थांबवली, हातब्रेक ओढला, क्लच सोडत सोडत इंजिन ऐकलं, आणि बया इंचभरही मागे न घसरता वर चढली. पाय टिकला होता. पाठीमागं बाई शिंकल्या आणि "उत्तम" म्हणाल्या.

पिंपांच्या मधून मागे येताना माईनं एकेक हात, एकेक वीत सांगितली. एकाही पिंपाला धक्का लागला नाही. आणि तेव्हा कुठे अण्णांच्या डोक्यात प्रकाश पडला. डोळे चांगले असलेल्या माणसाला कुणी वितीवितीनं सांगत नाही.

"तुला कधीपासून माहीत आहे?" त्यांनी इंजिनच्या आवाजाखालून विचारलं.

"तुम्ही माझ्या केसांचं कौतुक करायला लागलात तेव्हापासून," माई म्हणाली. "दिसत होतं तेव्हा कधी केलं नाहीत."

अण्णा हसले. इतके हसले की गिअर कुरकुरला. "आणि बाहेर चौकापर्यंत?"

"बाहेर तुम्ही नाही. आवारापुरतं म्हणून मी वर चढले. फेरी संपली की पाठ दुखते म्हणून उतरायचं, मुकाट्यानं. कोपरा आला. उजवीकडे, पूर्ण."

*

पलीकडं ताई माजीला विचारत होती, "माई वर का चढली?"

माजी कापडानं हात पुसत राहिला.

"मी काहीतरी विचारतेय."

"तिला विचार."

"तुला विचारतेय. संसारात कधी उत्तर दिलं नाहीस, आता तरी दे. आता तुला माझी भीती नाही."

"आहे," माजी म्हणाला. आणि मग, कापडाकडे बघत, "त्यांना समोरचं दिसत नाही. कडेचं दिसतं. मी बोल्ट डावीकडून पुढं करतो, मग घेतात. मी सांगणार होतो."

"कधी?"

"ते सांगतील असं वाटलं."

धाकट्याचा चेहरा पडला. "म्हणजे आपण आंधळ्या माणसाला..." त्याला चौथरा आठवला आणि फुलझाडं आठवली, आणि पहिल्यांदाच त्याला त्याची लाज वाटली.

ताई धावत सुटली. कारखान्याला वळसा घालून बया दुसऱ्या बाजूनं येणार होती. ती भिंतीच्या पलीकडून पुढे गेली आणि वाटेच्या अगदी मधोमध दोन्ही हात वर करून उभी राहिली. लाल कोट घातलेली, सहा फुटांना दोन बोटं कमी असलेली बाई. गाडी कोपऱ्यावरून वळली. माई पाठमोरी होती, मागचं चाक भिंतीला घासतंय का बघत होती. ताईला फटीच्या काळोखात अण्णांचा चेहरा दिसला. ते थेट तिच्याकडे बघत होते. म्हणून ती हलली नाही. बाकी काही दिसलं नाही तरी आपण दिसू, असं तिला वाटलं.

गाडी येतच राहिली.

माई वळली. "थांबा!"

अण्णांचा पाय डोक्याला न विचारता खाली गेला. चारही चाकं जागच्या जागी रुतली, आत निरीक्षक बाई पुढे कोसळल्या, फाईल उडाली. बयेचं लोखंडी नाक ताईच्या कोटापासून हातभर अंतरावर थांबलं.

"काय झालं?" आतून अण्णांनी विचारलं. "मांजर?"

"अण्णा," ताई म्हणाली, "मी आहे."

"तू? कुठं?"

"समोर."

इंजिन बंद झालं. मग झाकण उघडलं आणि अण्णा बाहेर आले, एकेक पाय शोधत, आणि पायरीवर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

मग ताई फुटली. आधी माईवर, "तू वर उभी राहून गंमत बघत होतीस?" मग धावत येऊन पोचलेल्या माजीवर, "आणि तू बोल्ट डावीकडून देत होतास!" मग धाकट्यावर, कारण तो होताच तिथं.

"तू गाडीपुढे कशाला उभी राहिलीस?" माईचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता.

"त्यांना दिसेन म्हणून!"

अण्णांनी मान वर केली. तिच्याकडे बघण्यासाठी त्यांनी चेहरा जरा बाजूला वळवला, आणि ते पाहून ताईचा राग निम्मा तिथंच गळून पडला.

"दिसायला हवी होतीस," ते म्हणाले. "तू तरी."

त्यांनी खिशातून लायसन काढलं आणि निरीक्षक बाईंपुढे धरलं. बाई कपाळ चोळत होत्या. "मी गाड्या तपासते. माणसं दुसऱ्या मजल्यावर, खिडकी वेगळी." मग अण्णांकडे नीट बघून म्हणाल्या, "पण तुम्ही आता चालवणार नाही. ते मी इथंच सांगते."

"नाही चालवणार." त्यांनी लायसन ताईच्या हातात दिलं. "तू ठेव. मी परत मागेन. देऊ नकोस."

धाकट्यानं घसा साफ केला. "मग आता... म्हणजे चौथरा आहेच, पण..."

"चौथऱ्यावर तू उभा राहा," ताई म्हणाली. "सुटात शोभशील."

बाईंनी फाईल झटकली. "ब्रेक मात्र मी आजवर असे पाहिलेले नाहीत. चौकापर्यंतची चाचणी बाकी आहे. मालक किंवा मालकाच्या घरचं, लायसन असलेलं कुणीतरी."

माजी पुढं झाला.

"तुमचं नातं?"

"माजी जावई."

"माजी चालत नाही. चालू नातं लागतं."

धाकट्यानं कोट काढला आणि झाकणात उतरायचा मनापासून प्रयत्न केला. पोटापर्यंत गेला. पोटाशी मामला अडला. माजीनं आणि माईनं काखेत हात घालून त्याला बाहेर ओढलं तेव्हा त्याच्या शर्टवर ग्रीसचं गोल कडं उमटलं होतं.

सगळे ताईकडे बघायला लागले.

"मला ही गाडी आवडत नाही," ताई म्हणाली.

"तिलाही तू आवडत नाहीस," माई म्हणाली. "व्हॅन चालवतेस ना? बस."

*

आत बसल्यावर ताईला पहिल्यांदा कळलं की समोरचं कुणालाच फारसं दिसत नाही. हातभर लांब, चार बोटं उंच फट. त्यातून जगाची एक पट्टी. डावीकडे अरुंद बैठकीवर अण्णा येऊन बसले, मागं बाई, वर माई.

"पाय लांब ठेवू नकोस. क्लच दोनदा दाबायचा," अण्णा म्हणाले. "एकदा काढायला, एकदा घालायला."

"का?"

"ती जुनी आहे. तिला दोनदा विचारावं लागतं."

पहिल्या प्रयत्नात बया उडी मारून बंद पडली. दुसऱ्यात किंचाळली. "घाई करू नकोस," अण्णांनी डोळे मिटून घेतले होते. "आवाज ऐक. अजून जड आहे... अजून... आता." ताईनं दांडा ओढला. तो लोण्यात गेल्यासारखा बसला. ताईच्या तोंडून एक शब्द निघाला जो ती शाळेच्या आवारात वापरत नसे.

फाटकाबाहेर धाकटा हातरुमाल हलवत वाहतूक थांबवायला उभा राहिला होता. ग्रीसचं कडं, विस्कटलेले केस, आणि चेहऱ्यावर हॉटेलातलं हसू. बसवाल्यानं त्याला शिवी दिली, त्यानं "स्वागत आहे" म्हणून उत्तर दिलं. माजी सायकलवरून मागं येत होता, काही पडलं तर उचलायला.

रस्ता आला. फटीच्या पट्टीत झाडं येत होती, दुकानांच्या पाट्या येत होत्या, एका न्हाव्याचं तोंड उघडं राहिलेलं आलं आणि गेलं.

"काय दिसतंय?" अण्णांनी विचारलं.

"एक न्हावी. वस्तरा वर धरून उभा आहे. खुर्चीतला माणूस अर्ध्या दाढीनिशी बाहेर आलाय. एक बाई फोनवर आपला व्हिडिओ काढतेय. तिच्या कुत्र्याला आपण आवडलेलो नाही."

"कुत्रं कुठलं?"

"आखूड पायांचं. रागीट."

अण्णा समाधानानं मागे टेकले. "तिसरा," ते मधेच म्हणाले, आणि तिसरा गिअर पडला.

"चौक!" वरून माई गरजली. डावा हात तिनं दिशादर्शक म्हणून बाहेर काढला होता. "पूर्ण वळसा, आणि परत घरी. हळू. मी सांगते तेव्हा वळव."

ताई चौकाला लागली. पट्टीतून कारंजं सरकत गेलं, बाकावरची माणसं उठून उभी राहिली, परत जायचा रस्ता जवळ आला. पलीकडचा एक रस्ता गावाबाहेर टेकडीकडे जात होता. मोकळा होता. अण्णा डोळे मिटून इंजिन ऐकत होते. त्यांचे हात मांडीवरच आपसूक गिअर टाकत होते. कोण जाणे किती दिवसांनी ताईच्या बापाच्या चेहऱ्यावर असलं काही होतं.

"आता! डावीकडे!"

ताई सरळ गेली.

वरून पत्र्यावर दोन गुद्दे बसले. "डावीकडे म्हटलं! बहिरी झालीस? अगं, परत... हा रस्ता कुठला?"

अण्णांनी डोळे उघडले. "कुठं चाललोय?"

"माहीत नाही," ताई म्हणाली, आणि मग चूक लक्षात आल्यासारखं मागं वळून, "बाई, तुमचं..."

बाईंनी नाक शिंकरलं आणि फाईल मिटून बैठकीखाली सरकवली. "ऑफिस सुटायला वेळ आहे अजून. चाचणी चालू आहे."

मागं माजी जिवाच्या आकांतानं सायकल मारत होता. माईनं दोन्ही हात कंबरेवर ठेवले, आणि मग वाऱ्यानं विस्कटलेले केस मागे सारून बुरूज हातानं ढकलत टेकडीच्या दिशेला फिरवला.

अण्णांनी इंजिनाला कान लावला.

"मग चौथा टाक," ते म्हणाले.